पुनर्मिश्रण आणि मुळाचा अधिकार

एखादी कलाकृती पूर्ण झाली असे केव्हा म्हणावयाचे, हा प्रश्न सौंदर्यशास्त्रात जुनाच आहे. चित्रकार कुंचला खाली ठेवतो, कवी हस्तलिखित छापखान्याकडे धाडतो, शिल्पकार छिन्नी बाजूला सारतो. त्या क्षणी कृती कर्त्यापासून सुटी होते आणि जगाच्या स्वाधीन होते, असे सामान्यतः मानले जाते. या समजुतीमागे एक गृहीतक असते. कृती सिद्ध होत असताना तिचे कच्चे द्रव्य तिच्यातच खर्ची पडते, हे ते गृहीतक. मूर्तीतून पाषाण पुन्हा वेगळा काढता येत नाही आणि कागदावर सुकलेले रंग नळीत परत जात नाहीत.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र अशी एक कला उदयास आली की, जिच्यात हे गृहीतक टिकत नाही. अनेक ट्रॅकवर ध्वनिमुद्रित केलेले संगीत ही ती कला होय. १९६०च्या दशकाच्या मध्यापासून पुढे इंग्लंड-अमेरिकेत रॉक संगीताचे जे अल्बम निघाले आणि कालांतराने अभिजात मानले गेले, त्यांतील बरेचसे एका बैठकीत वाजवून मुद्रित झालेले नव्हते. ड्रम, गिटार, आर्गन, कंठस्वर हे वेगवेगळ्या ट्रॅकवर, अनेकदा वेगवेगळ्या दिवशी, साठवले गेले. त्यानंतर कोणता आवाज किती मोठा ठेवावयाचा, कोणता डावीकडे आणि कोणता उजवीकडे बसवावयाचा, कशावर किती प्रतिध्वनी चढवावयाचा, काय गाळावयाचे, हे ठरवून या सर्वांचे एक ध्वनिमिश्रण तयार करण्यात आले. श्रोत्याच्या हाती आले ते हे मिश्रण. परंतु ज्या फितींवरून ते सिद्ध झाले, त्या फिती कंपन्यांच्या भांडारांत शिल्लक राहिल्या. अंतिम निर्णय झाला. पण निर्णयापूर्वीची सामग्रीही शाबूत राहिली.

एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून याच फिती बाहेर काढून जुन्या अल्बमांची नवी मिश्रणे करण्याचा प्रघात पडला आहे. मूळ अल्बम एका किंवा दोन स्पीकरांसाठी होते; नवी मिश्रणे श्रोत्याच्या भोवताली मांडलेल्या पाच, सात वा त्याहून अधिक स्पीकरांसाठी असतात. 'सराउंड साउंड' या नावाने ती ओळखली जातात. वरवर पाहता ही केवळ तंत्राची आणि बाजारपेठेची घडामोड वाटते. थोडे खोल गेल्यास मात्र तिच्यात एक नैतिक प्रश्न आढळतो. पूर्वी घेतल्या गेलेल्या निर्णयाचे आपल्यावर काही ऋण असते काय? आणि असल्यास, तो निर्णय पुन्हा घेण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो?

पिंक फ्लॉइड या इंग्रजी वाद्यवृंदाचा 'द डार्क साइड ऑफ द मून' हा अल्बम मार्च १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. लंडनच्या अ‍ॅबी रोड येथील स्टुडिओत सोळा ट्रॅकच्या यंत्रावर त्याचे मुद्रण झाले होते आणि ध्वनिमुद्रक होते अ‍ॅलन पार्सन्स. अंतिम मिश्रणाच्या वेळी वादकांतच मतभेद होते. रॉजर वॉटर्स यांना कोरडा, स्पष्ट ध्वनी हवा होता. डेव्हिड गिल्मर यांचा कल प्रतिध्वनीने भारलेल्या, काहीशा धूसर ध्वनीकडे होता. तेव्हा तटस्थ कानाचा माणूस म्हणून ख्रिस टॉमस यांना पाचारण करण्यात आले. जगाने ज्या ध्वनीला पुढे आदर्श मानले, तो अशा रीतीने एक तडजोड होती, आणि ती तडजोडच त्या अल्बमचा स्वभाव ठरली.

त्याच वर्षी पार्सन्स यांनी चार स्पीकरांसाठी त्याचे आणखी एक मिश्रण केले. क्वाड्रोफोनिक म्हणून ओळखली जाणारी ती पद्धत महागडी यंत्रे आणि परस्परांशी न जुळणारे तांत्रिक प्रकार यांमुळे त्या दशकाच्या अखेरीस लयाला गेली. पुढे २००३ मध्ये, अल्बमला तीस वर्षे झाली त्या निमित्ताने, जेम्स गथ्री यांनी सुपर ऑडिओ सीडीसाठी नवे सराउंड मिश्रण केले. हे काम पार्सन्स यांच्याकडे देण्यात आले नाही. २०२३ मध्ये, पन्नासाव्या वर्षी, गथ्री यांनीच केलेले डॉल्बी अ‍ॅटमॉस मिश्रण आले. त्यात आवाजांना डोक्यावरच्या दिशाही देता येतात. म्हणजे वाजवणारे तेच, त्यांचे वादन तेच, आणि तरीही अल्बम चार. यांपैकी खरा कोणता?

'पहिला तो खरा' हे उत्तर सर्वांत सोपे, आणि रसिकांच्या मनाला सर्वांत जवळचे. पण या विशिष्ट उदाहरणात ते अडखळते. श्रोत्याच्या चहूबाजूंनी ध्वनी फिरवण्याची कल्पना पिंक फ्लॉइडवर पुढील पिढीने लादलेली नव्हती. १२ मे १९६७ रोजी लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये झालेल्या कार्यक्रमात एका दांडीच्या साहाय्याने आवाज सभागृहात फिरवणारे यंत्र त्यांनी वापरले होते. 'टाइम' या गाण्याच्या आरंभी एकाच वेळी वाजणारी अनेक घड्याळे पार्सन्स यांनी मुळात क्वाड्रोफोनिक पद्धतीच्या प्रात्यक्षिकासाठी मुद्रित केली होती. या दृष्टीने पाहिले, तर दोन स्पीकरांची आवृत्ती हाच एक संक्षेप ठरतो आणि नंतरचे मिश्रण म्हणजे मूळ कल्पनेकडे परत जाणे होय, असेही म्हणता येईल.

पुनर्मिश्रणाचे समर्थक याहून भक्कम पुरावाही पुढे करतात. किंग क्रिम्झन या वृंदाचा 'इन द कोर्ट ऑफ द क्रिम्झन किंग' हा १९६९चा अल्बम आठ ट्रॅकवर मुद्रित झाला. आठ ट्रॅक भरले, की त्यांचे एकत्रीकरण करून ते दुसऱ्या फितीच्या एक-दोन ट्रॅकवर उतरवावे लागत आणि मग उरलेल्या जागेत पुढचे वादन भरले जाई. अशा प्रत्येक उतरवणीत फितीची खरखर वाढे आणि ध्वनीचे तेज कमी होई. २००९ मध्ये स्टीव्हन विल्सन यांनी या वृंदाचे रॉबर्ट फ्रिप यांच्या सहकार्याने त्याचे नवे मिश्रण केले, तेव्हा संगणकाच्या आधारे पहिल्या पिढीच्या फिती एकमेकींशी जुळवून घेणे शक्य झाले. परिणाम असा की, चाळीस वर्षांनी आलेले हे मिश्रण स्टुडिओत प्रत्यक्ष वाजलेल्या स्वरांच्या मूळ मिश्रणापेक्षा अधिक निकट गेले.

येथे निष्ठेच्या कल्पनेचेच दोन भाग पडतात. एक निष्ठा घटनेशी असते: अमुक दिवशी, अमुक खोलीत जे वाजले त्याच्याशी. दुसरी निष्ठा निर्णयाशी असते: जे वाजले त्यातून कर्त्यांनी जे निवडले, जे मागे सारले, जे झाकले त्याच्याशी. पुनर्मिश्रण पहिली निष्ठा बहुधा अधिक चांगली पाळते. दुसऱ्या निष्ठेच्या बाबतीत ते नेहमीच संशयास्पद राहते, कारण नवा निर्णय घेतल्यावाचून त्याला अस्तित्वच नसते.

निर्णयाचे मोल केवढे, हे चार ट्रॅकच्या यंत्रावर काम करणाऱ्यांना चांगले ठाऊक होते. बीटल्सचा 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड' हा १९६७चा अल्बम अशाच यंत्रांवर घडला. तीन-चार ट्रॅकचे एकीकरण करून ते एकावर उतरवले, की त्यांतील परस्पर प्रमाण कायमचे ठरून जाई. नंतर ड्रम थोडे वाढवावेत असे वाटले, तरी उपाय नसे. निर्णय पुढे ढकलण्याची सोय नव्हती, म्हणून प्रत्येक पायरीवर मन ठरवावे लागे. मर्यादेमुळे कलाकृतीत काहीतरी हरवले असे म्हणणाऱ्याने हेही लक्षात घ्यावयास हवे, की तिच्या घडणीतील पुष्कळसा ठामपणा या मर्यादेनेच दिला. अंधूक वाटणारा एखादा स्वर तांत्रिक दुर्बलतेने अंधूक राहिला की त्याने अंधूक राहावे असेच कोणी ठरवले होते, हे ध्वनिफीत सांगत नाही.

सराउंड मिश्रणाचा एक खास गुण या संदर्भात विचारात घ्यावा लागतो. दोन स्पीकरांमधल्या अरुंद पट्ट्यात गिटार आणि आर्गन एकाच जागेसाठी झगडतात. एकाला वाव द्यावयाचा, तर दुसऱ्याला थोडे मागे सरावे लागते. समोर तीन, मागे दोन आणि खर्जासाठी एक अशा मांडणीत प्रत्येकाला स्वतंत्र जागा मिळते. आतापर्यंत झाकलेला हार्मनीचा एखादा कंठस्वर अचानक स्पष्ट ऐकू येतो आणि श्रोता हरखतो. हा आनंद खोटा नाही. परंतु मागे सरणे हादेखील वृंदवादनाचा एक धर्म आहे. जेथे कोणालाच कोणासाठी मागे सरावे लागत नाही, तेथे प्रत्येक वादक अधिक ऐकू येतो आणि त्यांनी मिळून निर्माण केलेला एकजीव घोष काही अंशी विरळ होतो. शिवाय श्रोत्याचे स्थानही बदलते. पूर्वी तो वृंदाच्या समोर होता, आता तो त्याच्या मध्यभागी बसतो. समोर बसून ऐकणे आणि आत बसून ऐकणे यांत केवळ अंतराचा फरक नाही. पहिल्यात संगीत त्याला उद्देशून असते, दुसऱ्यात ते त्याच्या अवतीभवती चाललेले असते.

मग निर्णय कोणाचा मानावयाचा? 'कर्त्याचा' हे उत्तर पुरेसे नाही, कारण रॉक अल्बमचा कर्ता एक नसतो. 'सार्जंट पेपर'च्या मोनो मिश्रणाच्या वेळी बीटल्स स्वतः हजर असत; स्टीरिओ मिश्रण मात्र निर्माते जॉर्ज मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी त्यांच्या अनुपस्थितीत, तुलनेने घाईने उरकले. पुढे मोनो आवृत्ती मागे पडली आणि जगातील बहुसंख्य श्रोत्यांनी कित्येक दशके जो अल्बम मूळ म्हणून ऐकला, तो वादकांनी स्वतः ठरवलेला नव्हता. 'शीज लीव्हिंग होम' हे गाणे मोनोमध्ये अधिक द्रुत आणि चढ्या स्वरात आहे, स्टीरिओमध्ये संथ आणि उतरते. २०१७ मध्ये जॉर्ज मार्टिन यांचे पुत्र जाइल्स मार्टिन यांनी पन्नासाव्या वर्षानिमित्त नवे मिश्रण केले, तेव्हा त्यांनी मोनोला प्रमाण मानून त्याचीच गती स्वीकारली. पन्नास वर्षे स्टीरिओवर वाढलेल्या श्रोत्याला हे परके वाटले असेल. पण येथे नव्याने जुन्याचा, आणि तोही मधल्या काळात विस्मृत झालेल्या जुन्याचा, पक्ष घेतला होता.

याच्या दुसऱ्या टोकाला एक निराळे उदाहरण आहे. ऑझी ऑझबोर्न यांचे 'ब्लिझर्ड ऑफ ऑझ' (१९८०) आणि 'डायरी ऑफ अ मॅडमॅन' (१९८१) हे अल्बम २००२ मध्ये पुन्हा प्रसिद्ध झाले, तेव्हा बॉब डेझ्ली यांचे बास गिटार आणि ली कर्सलेक यांचे ड्रम काढून टाकून त्या जागी अन्य वादकांकडून नव्याने वाजवून घेतलेले भाग बसवण्यात आले होते. या दोघांचा मानधन आणि श्रेय यांसंबंधीचा वाद त्या काळात न्यायालयात गेलेला होता. श्रोत्यांनी नाराजी व्यक्त केली आणि २०११च्या आवृत्तीत मूळ वादन परत आले. ट्रॅक वेगळे असतात म्हणूनच हे शक्य झाले. फितीवरून वाद्य पुसले जाते तेव्हा ज्याने ते वाजवले तो माणूसही पुसला जातो, हे या प्रसंगाने दाखवून दिले. सराउंड मिश्रणे सहसा या थराला जात नाहीत. परंतु तंत्राच्या दृष्टीने दोन्ही कृती एकाच पाटावर घडतात; त्यांना वेगळे करणारी रेषा नीतीची आहे.

ही रेषा कोठे आखावयाची याचा विचार करताना मराठी वाचकाला ग्रंथव्यवहारातील एक भेद उपयोगी पडेल. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तिच्यात यापुढे कोणी भर घालू नये असे बजावले. तेथे कार्य पाठशुद्धीचे होते. जवळजवळ तीन शतकांच्या हस्तलिखित परंपरेत मूळ पाठ अपपाठांनी झाकोळला होता आणि तो उजळावयाचा होता. भाष्यकाराचे कार्य वेगळे. तो मूळ वचन वर ठेवतो, खाली आपले विवरण देतो आणि ते आपले आहे हे लपवत नाही. जुन्या अल्बमांची पुनर्मिश्रणे बाजारात येतात ती बहुधा पाठशुद्धीचा आव आणून. कलावंतांना जे ऐकवावयाचे होते ते आता प्रथमच ऐकू येत आहे, असा सूर जाहिरातींत असतो. वस्तुतः १९७३चे मिश्रण भ्रष्ट झालेले नाही, हरवलेलेही नाही. नवे मिश्रण म्हणजे त्यावरील भाष्य होय. भाष्य म्हणून ते कधी मर्मग्राही, कधी बटबटीत, कधी मुळाहूनही रसाळ असू शकेल. त्याची योग्यता त्या कसोटीवर ठरावी. शुद्धीचा दावा मात्र त्याने करू नये.

अलीकडच्या तंत्राने हा पेच आणखी गहन केला आहे. जोवर ट्रॅक वेगळे होते तोवर पुनर्मिश्रण शक्य होते; जेथे अनेक वाद्ये एकाच ट्रॅकवर मिसळली होती तेथे ते थांबत असे. २०२२ मध्ये बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर' या १९६६च्या अल्बमचे पुनर्मिश्रण झाले, तेव्हा संगणकाला विविध वाद्यांचे आवाज ओळखावयास शिकवून, 'टॅक्समन'सारख्या गाण्यात एकाच ट्रॅकवर असलेले गिटार, बास आणि ड्रम एकमेकांपासून वेगळे काढण्यात आले. जे कधीच सुटे नव्हते ते आता सुटे होऊ लागले आहे. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसन यांनी मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत भारतीय वादकांकडून 'द इनर लाइट' या गाण्याचे वाद्यसंगीत दोनच ट्रॅकच्या यंत्रावर मुद्रित करून घेतले होते. कंठस्वर पुढे लंडनमध्ये चढवला गेला. त्या मुंबईच्या बैठकीत वादक एकमेकांकडे पाहत, एकमेकांना ऐकत वाजवत होते आणि मिश्रणाचे बरेचसे काम त्यांच्या कानांनीच केले होते. असे वादन यंत्राने सुटे करून श्रोत्याच्या भोवती पसरता येईल. तेव्हा प्रत्येक वाद्य स्पष्ट होईल यात शंका नाही. मात्र एक वादक दुसऱ्यासाठी ज्या क्षणी थांबला, त्या थांबण्याचा अर्थ दोघे एकत्र असतानाच कळतो.

खरा धोका यापुढचा आहे. तबकडीच्या काळात नवी आवृत्ती जुनीच्या शेजारी येऊन बसत असे. २००३च्या सुपर ऑडिओ सीडीवर मूळ स्टीरिओ मिश्रणही होते, आणि २००९च्या किंग क्रिम्झन संचात मूळ मिश्रणाला स्थान होते. श्रोता दोन्ही ऐकून आपले मत बनवू शकत होता. इंटरनेटवरून संगीत ऐकण्याची पद्धत रूढ झाल्यावर परिस्थिती पालटली. अ‍ॅपल म्युझिकने जून २०२१ मध्ये अ‍ॅटमॉस मिश्रणे आपल्या सेवेत आणली. अनुकूल हेडफोन जोडलेले असल्यास, श्रोत्याने वेगळे काही न ठरवता, हीच मिश्रणे आपोआप वाजू लागतात. जानेवारी २०२४पासून अशा स्वरूपात उपलब्ध असलेल्या संगीताला दहा टक्क्यांपर्यंत अधिक मानधन देण्याचे धोरणही या सेवेने जाहीर केले. त्यामुळे जुन्या अल्बमची ओळख प्रथमच करून घेणारा एखादा विद्यार्थी अल्बमचे नाव वाचतो, त्याचे १९६७चे किंवा १९७३चे मुखपृष्ठ पाहतो आणि ऐकतो मात्र एकविसाव्या शतकातील कोणा तंत्रज्ञाचा निर्णय. तोही बहुधा पाच-सात स्पीकरांवर नव्हे, तर दोन कानांसाठी गणिताने तयार केलेल्या आभासातून. भाष्य मुळाच्या जागी जाऊन बसले आहे, आणि वाचकाला त्याची वार्ता नाही.

या विस्थापनात कोणाचा दुष्ट हेतू असतोच असे नाही. म्हणूनच ते अधिक सहज घडते. त्यावर उपाय पुनर्मिश्रणाला बंदी हा नव्हे. ज्या फिती टिकल्या आहेत त्यांतून पुन्हा अर्थ शोधण्याचा हक्क प्रत्येक पिढीला असला पाहिजे, आणि तो नाकारणे म्हणजे कलाकृतीला पुराणवस्तू करणे होय. अपेक्षा आहे ती दोन साध्या गोष्टींची. नव्या मिश्रणाने आपले नाव आणि आपले वर्ष स्पष्ट सांगावे. आणि मूळ मिश्रण तितक्याच सहजतेने हाती लागावे. पहिली अट सत्याची आहे, दुसरी न्यायाची. ग्रंथालयांचे दायित्व येथे विशेष आहे. कादंबरीची कोणती आवृत्ती आपल्या फडताळात आहे याची नोंद ती जशी काटेकोरपणे करतात, तशी ध्वनिमुद्रणाची नोंद क्वचितच केली जाते.

या साऱ्या विचाराला एक उदाहरण अखेरपर्यंत पुरून उरते. बीच बॉइज या अमेरिकन वृंदाचा 'पेट साउंड्स' हा अल्बम मे १९६६ मध्ये मोनोत प्रसिद्ध झाला. त्याचे कर्ते ब्रायन विल्सन (१९४२–२०२५) यांना बालपणापासून उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नव्हते. दोन स्पीकरांमधून ध्वनीला येणारी रुंदी त्यांना अनुभवता येणे शक्य नव्हते. त्यांनी आपला अल्बम एकाच बिंदूतून येणाऱ्या आवाजासाठी घडवला आणि तो कोणीही, खोलीत कोठेही बसून, सारखाच ऐकावा अशी व्यवस्था केली. १९९७ मध्ये मार्क लिनेट यांनी त्यांच्या संमतीने केलेले स्टीरिओ मिश्रण प्रसिद्ध झाले. २००३ मध्ये सराउंड मिश्रणही आले. कर्त्याची संमती हाच जर अंतिम निकष असेल, तर ती येथे होती. परंतु ज्या रूपाला त्यांनी संमती दिली, ते रूप त्यांना स्वतःला पूर्णपणे ऐकू येत नव्हते. आपल्याला नसलेल्या कानासाठी, म्हणजे दुसऱ्यांसाठी, त्यांनी दिलेली ती संमती होती. तिच्यात औदार्य आहे, आणि ते औदार्य स्वीकारणाऱ्यावर एक बंधनही आहे. ज्याला भोवताली पसरलेला 'पेट साउंड्स' ऐकावयाचा आहे त्याने तो अवश्य ऐकावा. मात्र त्याच्या शेजारी तो एकाच स्पीकरमधून येणारा, १९६६चा अल्बम उभा असला पाहिजे, कारण ब्रायन विल्सन यांनी स्वतः पूर्णपणे ऐकलेला तो तेवढाच आहे.